कुंझुम ते ग्राम्फू : साध्या गाडीने खडतर वाट

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यात लोसार ते ग्राम्फू असा सुमारे ८० किलोमीटरचा एक रस्ता आहे. सरकारी दप्तरात तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५०५ चा भाग म्हणून नोंदलेला आहे. 'राष्ट्रीय महामार्ग' हे शब्द वाचून ज्यांच्या डोळ्यांसमोर पुणे-बंगळूर रस्ता उभा राहील, त्यांनी तो काझा गावातच मागे ठेवून पुढे निघावे. कुंझुम खिंडीच्या दोन्ही अंगांचा बराचसा रस्ता म्हणजे डोंगराच्या उतारावर कोरून काढलेली, जेमतेम एका गाडीपुरती दगडगोट्यांची पट्टी आहे. खिंड उतरल्यावर तिच्या एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला चंद्रा नदी सोबत करते. मधूनमधून वरच्या हिमनद्यांचे पाणी रस्त्यावरून आडवे वाहत नदीकडे जाते. अशा प्रवाहांना तिकडे नाला म्हणतात. ज्या नाल्यावर पूल नाही, तेथे गाडी पाण्यात घालूनच पलीकडे जावे लागते. सीमा रस्ते संघटनेकडून रस्ता रुंद करण्याचे काम चालू आहे. तेव्हा ही वाट आज आहे तशी फार वर्षे राहील असे वाटत नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघे या वाटेने गेलो. मी, सौ. आणि बँकेत माझ्याबरोबर बावीस वर्षे काम केलेले एक स्नेही. तिघांनीही साठी ओलांडलेली. परत आल्यापासून भेटणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो : "गाडीला काय काय बसवून घेतले होते?" काहीच नाही, हे त्याचे खरे उत्तर आहे. पण ते ऐकून समोरच्याला एक तर ती वाट सोपी वाटते, नाही तर आम्ही अविचारी वाटतो. दोन्ही समज बरोबर नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी आणि तिची मर्यादा

आमची गाडी २०१६ सालची डिझेलवरची रेनॉ डस्टर, चारही चाकांना ताकद मिळणारी. डिझेलवरची ही डस्टर आता आपल्याकडे नवी मिळत नाही. तिची जमिनीपासूनची उंची सुमारे वीस-एकवीस सेंटिमीटर आहे. डॅशबोर्डवर एक गोल खटका असतो. एरवी तो 'ऑटो'वर ठेवायचा आणि निसरड्या किंवा दगडी चढावर 'लॉक'वर नेला की पुढच्या आणि मागच्या चाकांना सारखी ताकद जाते. खऱ्या डोंगरी जीपमध्ये असतो तसा कमी वेगाचा वेगळा गिअर तिला नाही. त्याची उणीव थोडीशी भरून काढण्यासाठी पहिलाच गिअर आखूड ठेवलेला आहे. खडतर वाटांचे शौकीन गाडी उंच करून घेतात, जाड खाचांचे टायर बसवतात, इंजिनाची हवा छपरापाशी घेणारी नळी लावतात, पुढे लोखंडी दोराचे चक्र जोडतात. आम्ही यातले काहीही केले नव्हते. कारखान्यातून आली तशीच गाडी होती. फक्त निघण्यापूर्वी ब्रेक, क्लच, पट्टे आणि कूलंट तपासून घेतले आणि टायर नवे घातले. सोबत ओढायचा पट्टा, छोटे फावडे, हवा भरायचा पंप, पंक्चरचे साहित्य आणि जॅकखाली ठेवायला सागाची एक फळी घेतली. दगडगोट्यांत जॅक रुततो किंवा घसरतो. ती फळी दीड हजार रुपयांच्या कोणत्याही उपकरणापेक्षा जास्त उपयोगी आहे.

बँकेत कर्ज मंजूर करताना तारणाच्या पूर्ण किमतीइतकी रक्कम आपण कधीच देत नाही. लाखाच्या तारणावर सत्तर-पंचाहत्तर हजार द्यायचे आणि उरलेला फरक हाती राखायचा. या राखीव फरकाला मार्जिन म्हणतात. भाव पडले, माल खराब झाला, ऋणको अडचणीत आला, तर बँकेला वाचवणारे तेच असते. बदल करून घेतलेल्या गाडीला हे मार्जिन पैशाने विकत मिळते. साध्या गाडीजवळ ते फारच थोडे असते, म्हणून ते दुसऱ्या ठिकाणाहून आणावे लागते : वेळेतून, वेग कमी ठेवण्यातून आणि खाली उतरून पायी पाहून येण्यातून. हा हिशेब आम्ही घरूनच मांडून निघालो होतो.

म्हणून नाल्यासाठी नियमही घरीच ठरवला होता. आमच्या चाकाची एकूण उंची सुमारे ६८ सेंटिमीटर. म्हणजे त्याचा मध्य ३४ सेंटिमीटरवर. वाहते पाणी चाकाच्या मध्यापर्यंत पोहोचत असेल तर आत जायचे नाही. ही खूण लक्षात राहावी म्हणून स्नेह्यांच्या चालायच्या काठीवर टोकापासून ३० सेंटिमीटरवर लाल चिकटपट्टी गुंडाळली. चार सेंटिमीटर कमी का, असे त्यांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "मार्जिन, साहेब." ते हसले. त्यांनी स्वतः आयुष्यभर हेच केले होते.

उंचीला दिलेला वेळ

मनालीहून निघाले तर ही वाट पहिल्याच दिवशी लागते. शरीराला विरळ हवेची सवय होण्याआधीच माणूस सव्वाचार हजार मीटरवर मुक्कामाला पोहोचतो. आम्ही उलट बाजू धरली : सिमला, किन्नौरमधील कल्पा, मग नाको, ताबो आणि काझा. रोज थोडे वर, आणि काझाला दोन रात्री. अंतर वाढते, दिवस वाढतात. पण डोके दुखत नाही आणि रात्री झोप लागते. ताबोचा मातीच्या भिंतींचा विहार इसवी सन ९९६ मधला आहे. तेथील अंधाऱ्या सभागृहात भिंतींवरची चित्रे पाहत अर्धा दिवस घालवला, तो वेळ शरीराला आपोआपच मिळाला.

कुंझुमच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्के उरतो. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. कमी फेऱ्यांवर गाडी जोर धरत नाही आणि चढावर पहिल्या गिअरला पर्याय राहत नाही. टायरची गोष्ट मात्र उलटी असते. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की पुण्यात भरलेली ३३ पौंड हवा तेथे मापावर चार-पाच पौंड जास्त दिसते. टायर कडक होतो आणि दगडावरून उड्या मारू लागतो. काझाला हवा मोजून आम्ही ती २८ पौंडांवर आणली. यापेक्षा फार कमी केली असती तर अणकुचीदार दगडाने टायरची बाजू फाटण्याचे भय होते. काझाचा पेट्रोल पंप जगातील सर्वांत उंचावरच्या पंपांपैकी एक समजला जातो. तेथे टाकी काठोकाठ भरून घेतली, कारण पुढे मनालीपर्यंत याच डिझेलवर विसंबायचे ठरले होते.

वेळेच्या खात्यात एक खर्च मात्र आधीच पडला होता. कार्यक्रमात आम्ही एक दिवस मोकळा राखला होता. नाकोजवळ मलिंग नाल्यापाशी दरड आली आणि रस्ता दिवसभर बंद राहिला. तो राखीव दिवस तेथेच संपला. स्नेह्यांचे चंदीगडहून गाडीचे आरक्षण होते. घरी त्यांच्या नातीचे बारसे होते. आता सगळे ठरल्याप्रमाणे झाले तरच ते वेळेत पोहोचणार होते.

कुंझुमची खिंड

काझाहून लोसारपर्यंतचे सुमारे ५८ किलोमीटर तुलनेने सुखाचे आहेत. लोसार हे स्पितीचे या बाजूचे शेवटचे गाव. वाटाण्याची शेते, पांढऱ्या भिंतींची घरे, छपरांवर रचलेला सरपण आणि चारा, आणि प्रवाशांची नोंद घेणारी पोलीस चौकी. पुढे वस्ती संपते. स्पिती नदी हळूहळू अरुंद होत जाते आणि रस्ता तिचा निरोप घेऊन चढू लागतो.

खिंडीची उंची सुमारे ४,५५० मीटर. माथ्यावर स्तूप आहेत, रंगीत पताका वाऱ्याने फडफडत असतात आणि कुंझुम देवीचे लहानसे मंदिर आहे. येणारी प्रत्येक गाडी मंदिराला प्रदक्षिणा घालूनच पुढे जाते. ट्रकही त्याला अपवाद नाहीत. समोर चंद्रभागा गटाची हिमशिखरे उभी राहतात. त्यांच्याच कुशीत बडा शिगडी ही हिमाचलातील सर्वांत मोठी हिमनदी आहे.

या खिंडीत उभे राहिल्यावर भूगोलाची एक गंमत ध्यानात येते. आपल्या पाठीमागे पडलेले पाणी स्पितीतून सतलजला मिळते. पुढच्या उतारावरचे पाणी चंद्रा नदीत जाते; तांदी येथे भागा नदी तिला मिळते आणि ती चंद्रभागा होते. तीच पुढे चिनाब. शेकडो किलोमीटरचा प्रवास करून सतलज आणि चिनाब पाकिस्तानात पुन्हा एकत्र येतात. एका खिंडीने वेगळे केलेले पाणी इतक्या दूर जाऊन भेटते.

माथ्यावरून बातलकडचा उतार ही पहिली परीक्षा. एकामागून एक तीव्र वळणे, भुसभुशीत धूळ आणि तिच्यात लपलेले डोक्याएवढे दगड. येथे सतत ब्रेक दाबत उतरले तर ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून इंजिनालाच तिला धरू द्यावे आणि ब्रेक फक्त वळणाआधी हलका लावावा. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आतबाहेर. मोठा दगड दोन्ही चाकांच्या मध्ये घेण्याचा मोह होतो. पण साध्या गाडीचे पोट खाली असते, म्हणून दगडावर चाक चढवून जाणेच बरे. टायरला दगड सोसतो, तेलाच्या टाकीला सोसत नाही. चढणारी गाडी समोरून आली की उतरणाऱ्याने थांबून तिला वाट द्यायची, हा डोंगराचा नियम तेथील ट्रकचालक फार शिस्तीने पाळतात. जाताना हात वर करून आभारही मानतात.

चंद्रताल

बातलच्या थोडे अलीकडे चंद्रतालचा फाटा फुटतो. साधारण बारा किलोमीटरच्या या वाटेला आम्हाला दीड तास लागला. सबंध मार्गावरचा हा सर्वांत अरुंद भाग. वळणापलीकडचे दिसत नाही, म्हणून प्रत्येक वळणावर भोंगा वाजवायचा. समोरून गाडी आलीच तर दोघांपैकी एकाने मागे जाऊन रुंद जागा शोधायची. दरी डाव्या हाताला होती आणि सौ. डाव्याच खिडकीशी बसल्या होत्या. पाऊण वाटेवर त्या म्हणाल्या, "अहो, खाली बघितले की भीती वाटते, म्हणून मी समोरच्या डोंगराकडे बघते आहे. तुम्ही मात्र खालीच बघा." याहून चांगला सल्ला मला त्या वाटेवर कोणी दिला नाही.

तलावाच्या काठापर्यंत गाडी नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. साधारण एक किलोमीटर अलीकडे वाहने थांबवून पायी जावे लागते. तंबूंचे मुक्कामही काही किलोमीटर अलीकडेच ठेवले आहेत. सुमारे ४,२५० मीटरवरची ही पाणथळ जागा २००५ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळांच्या यादीत आहे. चढ अगदी थोडा होता, तरी आम्हाला दर पन्नास पावलांवर थांबावे लागले. मग एका वळणावर ते पाणी दिसले. कोरीव चंद्रकोरीच्या आकाराचे, काठाशी हिरवे आणि मध्ये गडद निळे. वारा पडला की समोरची शिखरे त्यात उलटी उतरतात. वारा आला की पुसली जातात. आम्ही तासभर बसलो. फार बोललो नाही. बोलायला श्वासही पुरत नव्हता.

येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. 'ऑफ-रोड' या शब्दाचा अर्थ पुष्कळजण वाट सोडून कोठेही गाडी घालणे असा घेतात. तलावाभोवतीच्या कुरणांवर चाकांचे जुने व्रण आजही स्पष्ट दिसतात. वर्षातून जेमतेम तीन-चार महिने उगवणारे तेथील गवत एकदा चिरडले की पुन्हा धरायला वर्षानुवर्षे लागतात. आणि याच कुरणांवर गद्दी मेंढपाळांचे कळप उन्हाळ्यात चरतात. वाट कितीही वाईट असो, चाके वाटेवरच राहिली पाहिजेत.

नाल्यापाशी

हिमनदीच्या नाल्याला घड्याळ असते. दिवसा उन्हाने बर्फ वितळते, ते पाणी खाली यायला काही तास लागतात, आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत नाला फुगत जातो. रात्री थंडीने वितळणे थांबते आणि पहाटे पाणी सर्वांत कमी असते. म्हणून बातलपुढचे मोठे नाले सकाळी दहाच्या आत ओलांडायचे, असे ठरवून आम्ही सहा वाजता तंबू सोडला. बातलला चहा झाला, पूल ओलांडला, आणि पुढे तीन-चार किलोमीटरवर एका ट्रकचा धुरा मोडून तो अरुंद जागी आडवा अडकलेला दिसला. कोणाचाच दोष नव्हता. दोन्ही बाजूंना गाड्या थांबल्या. ट्रक बाजूला सरेपर्यंत साडेअकरा वाजले.

छोटा दड्याच्या अलीकडे आम्ही त्या नाल्याशी आलो तेव्हा एक वाजून गेला होता. पाणी राखाडी पांढरे, ताकासारखे, तळ मुळीच दिसत नाही. पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज येत होता : तळाशी दगड गडगडत जाण्याचा. स्नेही पॅंट वर दुमडून काठी घेऊन कडेने उतरले. तिसऱ्या पावलाला त्यांनी काठी टेकवली आणि वर पाहिले. लाल पट्टी पाण्याखाली चार बोटे गेली होती, आणि मध्यभाग अजून पुढेच होता.

आमच्यापुढे तीन गाड्या होत्या. पहिली उंच चाकांची जीप सहज गेली. दुसरी स्थानिक टॅक्सी; तिच्या चालकाला तळाचा दगड न् दगड ठाऊक असावा, तीही गेली. तिसरी आमच्याच बनावटीची, आमच्याच वयाची गाडी. आत चार तरुण. पाणी बॉनेटपर्यंत उसळले, मध्ये क्षणभर गाडी बाजूला सरकल्यासारखी वाटली, आणि मग ती पलीकडे चढली. मुलांनी खिडकीतून हात बाहेर काढून आम्हाला या, या, अशी खूण केली.

स्नेही म्हणाले, "साहेब, तीच गाडी आहे. गेली की नाही?"

मी थोडा वेळ काही बोललो नाही. त्यांच्या म्हणण्यात बारसे होते, हे मला कळत होते. आज नाला ओलांडला तर रात्री मनाली, उद्या चंदीगड, परवा घर. ओलांडला नाही तर आरक्षण गेले आणि सोहळाही गेला. सौ. मागे बसून आमच्याकडे पाहत होत्या.

पाण्यात गाडी बंद पडण्याचे कारण बहुधा एकच असते. इंजिन हवा ओढते त्या वाटेने पाणी आत शिरले तर ते दाबले जात नाही, आणि आतले दांडे वाकतात. मग ती गाडी जागेवर पुन्हा चालू होत नाही. वाहत्या पाण्याचा जोर वेग वाढला की त्याच्या वर्गाने वाढतो; वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. गाडी मध्येच थांबली असती तर आम्हा तिघांना गुडघ्याच्या वर बर्फाच्या पाण्यातून दगडांवरून चालत यावे लागले असते. मोबाईलला तेथे संपर्क नाही. ती मुले पार झाली यावरून त्यांच्या गाडीचे समजले; तळाचे काहीच समजले नाही, कारण प्रत्येक गाडीच्या चाकाने तळाचे दगड हलतात आणि पुढच्याला वेगळा तळ मिळतो.

शाखेत असताना एक गोष्ट मी नव्या अधिकाऱ्यांना सांगत असे. अपुऱ्या तारणावर दिलेले एखादे कर्ज पूर्ण वसूल होते. म्हणून ते देणे बरोबर होते असे ठरत नाही. निर्णय ज्या दिवशी घेतला त्या दिवशी हाती काय होते, यावरच त्याची पारख करायची असते. ती मुले पार झाली याचा मला मनापासून आनंद झाला. पण लाल पट्टी पाण्याखाली होती.

"परत बातलला जाऊ," मी म्हणालो. "सकाळी सहाला येऊ."

स्नेह्यांनी काठी पुसली, गाडीत ठेवली आणि खिडकीबाहेर पाहू लागले. बातलपर्यंतच्या तासाभरात ते बोलले नाहीत. सौ.नी एकदा विचारले, "भाऊजी, बाळाचे नाव काय ठेवणार आहेत?" ते म्हणाले, "ठरले आहे वहिनी, पण आधी सांगायचे नसते."

बातलची रात्र आणि सकाळ

बातल हे गाव नाही. उन्हाळ्यापुरते उघडे असणारे दोन-तीन ढाबे आणि सरकारी विश्रामगृह, एवढाच त्याचा पसारा. दगडी भिंती, वर ताडपत्री, आत उंच ओटा आणि त्यावर रजयांचे ढीग. गरम डाळ-भात आणि पराठे मिळाले. अडकलेले आणखी दहा-बारा प्रवासी होते : बंगालमधील एक कुटुंब, दोन सायकलस्वार, अडकलेल्या ट्रकचा चालक आणि त्याचा मदतनीस. जागा सगळ्यांना झाली. ट्रकचालक म्हणाला की, या रस्त्यावर तो अनेक वर्षे आहे आणि दुपारी नाल्यावर थांबलेल्याला त्याने कधी हसताना पाहिलेले नाही. हसणारे नेहमी बाहेरून आलेले असतात. रात्री चंद्रेचा आवाज भिंतीपलीकडून सारखा येत होता. स्नेही बराच वेळ जागे होते. मीही होतो.

सकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा नाल्याशी होतो. काठावरच्या दगडांवर बर्फाचा पातळ पापुद्रा आला होता. पाणी तेच, पण आवाज निम्मा झालेला, आणि तळाशी गडगडणारे दगड गप्प. मी काही म्हणण्याआधी स्नेह्यांनी बूट काढले, काठी घेतली आणि यावेळी पार मध्यापर्यंत गेले. थंडीने त्यांचा आवाज कापत होता, तरी त्यांनी नीट मोजून सांगितले, "पट्टीच्या खाली सहा बोटे. डावीकडे मोठा दगड आहे, उजवीकडून घ्या."

सौ.ही उतरून वरच्या बाजूच्या मोठ्या दगडांवरून पलीकडे गेल्या. मी खटका 'लॉक'वर नेला, पहिला गिअर टाकला आणि क्लचवरून पाय पूर्ण काढून घेतला. पाण्यात क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, थांबायचे नाही. माणूस चालेल इतक्या एकसारख्या वेगाने जायचे. दोनदा पुढचे चाक दगडावरून घसरले आणि पुन्हा चढले. वीस-पंचवीस सेकंदांत गाडी पलीकडे होती. पुढे थोडे अंतर ब्रेक हलके दाबत गेलो, म्हणजे ते कोरडे होतात. बाकीचे नाले त्यापुढे लहान वाटले. छत्रूला नाश्ता केला, ग्राम्फूला डांबर लागले, आणि कोकसर मागे टाकून ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यात शिरलो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या या बोगद्यातून पीर पंजालची रांग दहा-पंधरा मिनिटांत ओलांडून होते. आमचे आधीचे ८० किलोमीटर तीन दिवसांत झाले होते.

बोगद्याच्या अलीकडे स्नेह्यांच्या मोबाईलला संपर्क आला होता. गाडी चुकली होती, दुसरे आरक्षण मिळाले ते दोन दिवसांनंतरचे. बारसे त्यांच्याशिवाय झाले. मुलाने पाठवलेले छायाचित्र त्यांनी आम्हा दोघांना दाखवले आणि नाव सांगितले. त्या नुकसानीची भरपाई कोणत्याही युक्तिवादाने होत नाही, आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. त्यांनी मात्र पुढच्या वर्षी झांस्करला जायचे असेल तर कळवा, असे निरोप घेताना सांगितले. आणि ती काठी आमच्याच गाडीत राहू दिली.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

खिंड साधारणपणे जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये नाले सर्वांत जोरात असतात, सप्टेंबरात ते उतरतात पण रात्री गोठवणाऱ्या असतात. हृदयविकार, रक्तदाब किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय जाऊ नये. कोणाचेही डोके दुखत असेल किंवा उलटीची भावना होत असेल तर त्या दिवशी वर चढू नये. त्रास वाढला तर रात्रीची वाट न पाहता खाली उतरावे. किन्नौरच्या बाजूने जावे, काझाला दोन रात्री काढाव्यात. शक्यतो दोन गाड्यांनी जावे, म्हणजे एक अडकली तर दुसरी ओढते. आदल्या दिवशी त्या वाटेने आलेल्या ट्रकचालकाला नाल्यांची स्थिती विचारावी. ती कोणत्याही नकाशावर नसते. कचरा परत आणावा.

गाडीत बदल करून घ्यायची गरज नाही. बदल करायचाच असेल तर तो वेळापत्रकात करावा, आणि एक राखीव दिवस पुरेल असे आम्ही धरले होते तेथे दोन धरावेत. परतीचे आरक्षण आणि घरचे कार्य त्या दोन दिवसांच्या पलीकडे ठेवावे.